गोळी कोणासाठी?

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंदिराच्या सभागृहात अथर्वशीर्षाची आवर्तने चालली होती. पुढच्या सतरंजीवर पंधरा-वीस मुले मांडी घालून बसली होती. त्यांतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र दर दोन मिनिटांनी उठत होता. कधी आरतीच्या तबकाशी जाऊन येई, कधी झांजा वाजवून पाही, कधी शेजारच्या मुलीची रिबन ओढी. त्याची आई मागून खुणा करून दमली. माझ्या पुढच्या रांगेत दोघी जणी कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "अहो, इथे यावर औषध मिळतं. सुरू का करत नाहीत?" दुसरी म्हणाली, "कशाला ते विष? आपल्या वेळी होतं का असलं काही? दोन धपाटे घातले की बसायची पोरं." त्या कुजबुजत होत्या, पण त्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने मुलाचा हात धरला आणि आरतीच्या आधीच ती निघून गेली. प्रसादसुद्धा घेतला नाही.

त्या दोघींना थांबवून काही सांगावे असे मला फार वाटले, पण नेमके काय सांगायचे ते सुचेना. वास्तविक मला सुचायला हवे होते. मी डॉक्टर नाही, पण मुंबईहून बी. फार्म. होऊन १९८० साली या देशात आलो आणि पुढे १९८४ ते २०१५ अशी ३१ वर्षे न्यू जर्सीतल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. लहान मुलांच्या मनावरची किती औषधे माझ्या हातून गेली याची गणती नाही. शिवाय हा प्रश्न एकदा माझ्याही घरात येऊन गेला आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा ठरवले की त्या दिवशी जे सांगता आले नाही ते आता लिहून काढावे. घरची हकीकत माझ्या मुलाची परवानगी घेऊन लिहीत आहे.

प्रथम काउंटरमागचे. अतिचंचल, एकाग्रता न टिकणाऱ्या मुलांना, म्हणजे ज्याला इथे एडीएचडी म्हणतात त्यासाठी, दिली जाणारी रिटालिन, अ‍ॅडरॉल यांसारखी औषधे उत्तेजक वर्गातली. १९७१ पासून सरकारने ती कडक नियंत्रणाच्या यादीत, मॉर्फिनच्या पंगतीला बसवली आहेत. त्यामुळे आम्ही ती कुलपात ठेवत असू आणि गोळ्या दोनदा मोजत असू. इतर औषधांसारखे यांचे 'रिफिल' मिळत नाही, दर वेळी नवे प्रिस्क्रिप्शन लागते. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की ही प्रिस्क्रिप्शने वाढत आणि जूनमध्ये शाळा सुटली की कमी होत. सुरुवातीला मला याचे हसू येई. मधुमेहाला उन्हाळ्याची सुट्टी नसते, दम्याला नसते, मग हा कसला आजार शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे चालणारा? पुढे त्याचे कारणही समजले. या औषधांनी भूक मरते, झोप उडते आणि वाढ थोडी मंदावते, म्हणून काही डॉक्टर सुट्टीत औषध थांबवून मुलाला अंगाने भरू देतात. तरी तो प्रश्न मनात राहिलाच. सुट्टीत ज्याच्यावाचून चालते ते औषध मुलाला लागते की शाळेला?

हे उत्तेजक चंचल मुलाला शांत कसे करते, असे पुष्कळ जण विचारत. मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन नावाची रसायने असतात. लक्ष एका जागी धरून ठेवणे आणि हात आवरणे ही कामे त्यांच्या आधाराने चालतात. हे औषध त्यांचा पुरवठा वाढवते. शोध लागला तो योगायोगाने. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या ब्रॅडली होम या मुलांच्या संस्थेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रीन देऊन पाहिले, तेव्हा त्यांतल्या १४ जणांची अभ्यासातली प्रगती पाहून ते स्वतःच थक्क झाले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नीच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून त्याचे नाव रिटालिन पडले. याविषयीची काळजीही काही आजची नाही. ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना अशी औषधे दिली जात असल्याची बातमी १९७० साली आली आणि त्यावर थेट काँग्रेसमध्ये सुनावणी झाली होती.

पण मी जो पूर पाहिला तो १९९० नंतरचा. १९९१ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने एडीएचडी असलेल्या मुलांना शाळेत विशेष मदत मिळू शकते असे स्पष्ट केले, त्यामुळे निदानाला महत्त्व आले. मेथिलफेनिडेट किती बनवायचे याचा कोटा सरकार ठरवते. १९९० ते २००० या दहा वर्षांत तो सुमारे आठपट झाला. १९९७ नंतर टीव्हीवर औषधांच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला. अशा जाहिराती थेट रुग्णांसाठी करायला परवानगी देणारे देश जगात दोनच, एक अमेरिका आणि दुसरा न्यूझीलंड.

आणि मग काउंटरवर अशी प्रिस्क्रिप्शने येऊ लागली की हात थबकावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला सकाळी उत्तेजक, त्याने झोप येत नाही म्हणून रात्री दुसरे, आणि चिडचिड करतो म्हणून तिसरे, मुळात मोठ्यांच्या गंभीर मनोविकारांसाठी असलेले. कायद्याने यात काही गैर नाही. एकदा औषध बाजारात आले की डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर मुलांनाही लिहून देऊ शकतात. मी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करी, "बरोबर आहे" असे उत्तर मिळे आणि मी बाटली भरी. एकदा औषध घ्यायला आईबरोबर आलेला एक छोटा मुलगा काउंटरवर हनुवटी टेकून मला म्हणाला होता, "मला आता लंच आवडत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

माझी शंका ही केवळ जुन्या वळणाच्या माणसाची कुरकुर नव्हती, हे पुढे जे बाहेर आले त्यावरून दिसते. पॅक्सिल हे नैराश्यावरचे औषध किशोरवयीन मुलांना चांगले लागू पडते असा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच प्रयोगाची मूळ माहिती तपासून २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो लेख आला त्याचा निष्कर्ष असा, की औषध त्या मुलांना गुणकारीही नव्हते आणि सुरक्षितही नव्हते. दरम्यान २०१२ मध्ये त्या औषधाच्या कंपनीने, म्हणजे ग्लॅक्सोस्मिथक्लाईनने, सरकारशी ३०० कोटी डॉलर्सची तडजोड केली. त्यातल्या आरोपांत पॅक्सिलचा अठरा वर्षांखालील मुलांसाठी परवानगी नसताना प्रचार केल्याचाही आरोप होता. मुलांमधल्या 'बायपोलर' निदानाची गोष्ट तर आणखी धक्कादायक. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात दवाखान्यातल्या भेटींमध्ये हे निदान सुमारे चाळीसपट वाढले. या निदानाचे एक मोठे पुरस्कर्ते, हार्वर्डचे डॉ. जोसेफ बीडरमन, यांना २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून १६ लाख डॉलर्स मिळाले होते आणि त्यातले बरेचसे त्यांनी विद्यापीठाला कळवले नव्हते, असे २००८ मध्ये सिनेटर ग्रासली यांच्या चौकशीत उघड झाले. आणि ज्यांना आईबाप नाहीत किंवा आईबापांपासून दूर ठेवले आहे त्या 'फॉस्टर केअर'मधल्या मुलांचे काय? २०११ मध्ये सरकारच्याच तपासनीस कार्यालयाने पाच राज्यांची पाहणी केली, तेव्हा मेडिकेडवरील इतर मुलांपेक्षा या मुलांना मनावरची औषधे २.७ ते ४.५ पट अधिक प्रमाणात दिली जात होती. त्या मुलांची दुःखे मोठी असतात हे खरे, पण ज्याच्या बाजूने विचारायला कोणी नाही त्याच्या वाट्याला गोळ्या जास्त, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट ऐका, तिने मला सर्वांत अस्वस्थ केले. पुष्कळ राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच किंडरगार्टनमध्ये घेतात. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेले सर्वांत मोठे. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले, की अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचे निदान होण्याचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त होते. जन्मात फरक तो काय, चार दिवसांचा असेल! म्हणजे काही मुलांच्या बाबतीत आपण वयाने लहान असण्यालाच आजार म्हणत होतो.

इथपर्यंत वाचून सतरंजीमागच्या दुसऱ्या बाई म्हणतील, "पाहा, मी म्हणत नव्हते?" म्हणून आता घरची गोष्ट सांगतो.

१९९३ साली माझा मुलगा तिसरीत होता. पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला त्याच्या बाई म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, पण त्याचे लक्ष दोन मिनिटे टिकत नाही, एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. घरी आल्यावर सौ.ने विचारले, "तुम्ही रोज हीच औषधं देता ना? मग आपण काय करायचं?" मी जे उत्तर दिले ते शब्दशः आठवते. म्हणालो, "आपल्या मुलाला काही झालेलं नाही. या अमेरिकन लोकांना मुलं सांभाळता येत नाहीत, म्हणून त्यांना गोळ्या लागतात." त्याच दिवशी दुपारी मी अशाच चार मुलांच्या आयांच्या हातात बाटल्या ठेवल्या होत्या आणि हसून "हॅव अ नाइस डे" म्हटले होते.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलेच नाही. औषध तर दूरच, तपासणीसुद्धा केली नाही. शिस्त लावायचे ठरवले. टीव्ही बंद केला, तबल्याचा क्लास बंद केला. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत तो जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसे आणि मी समोर बसे. "एवढं कसं जमत नाही? आळशी आहेस तू," हे वाक्य त्या टेबलाने किती वेळा ऐकले असेल कोण जाणे. मोठा झाल्यावर इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्या वर्षी सोडून आला. नोकऱ्या धरल्या, सुटल्या. दोनदा गाडीचा अपघात झाला, देवाच्या कृपेने थोडक्यात निभावले. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास वाचला. एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण इतरांच्या दुप्पट आढळले होते आणि त्यात मुख्य वाटा अपघातांचा होता. ते वाचताना मी उठून पाणी प्यायलो.

एकोणतिसाव्या वर्षी तो आपला आपण डॉक्टरांकडे गेला, निदान झाले, औषध सुरू झाले. समुपदेशकाकडेही जाऊ लागला. अर्धवट राहिलेले शिक्षण त्याने पूर्ण केले. एका दिवाळीला घरी आला असताना रात्री फराळाच्या डब्यापाशी आम्ही दोघेच होतो. मी मनाचा हिय्या करून विचारले, "तेव्हा तुला औषध दिलं नाही, याचा राग येतो का?"

तो म्हणाला, "बाबा, औषधाचं सोडा. तेव्हा ते लागलं असतं की नाही, कोण सांगणार? पण तुम्ही मला कधी विचारलंच नाही की अभ्यासाला बसलास की तुला आत काय होतं. सगळे आळशी म्हणायचे, मग मीही स्वतःला तेच म्हणायला लागलो. वीस वर्षं म्हणत होतो."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. एकतीस वर्षे मी काउंटरमागून इतर आईबापांना मनातल्या मनात दोष देत होतो, की हे आपल्या सोयीसाठी मुलांना गोळ्या देतात. त्यांतले काही देत असतीलही. पण माझा नकार तरी कोणासाठी होता? मी काही अभ्यास करून, मुलाला तपासून, त्याच्याशी बोलून नकार दिला नव्हता. मला भीती होती ती 'मनाचे औषध' हे शब्द आमच्या आडनावाला चिकटण्याची. मंडळात काय सांगायचे? भारतात फोनवर काय सांगायचे? ज्या गोळीवर सोयीची म्हणून मी नाक मुरडत होतो, ती न देण्यातही सोय माझीच होती.

तेव्हापासून या विषयाकडे मी एकाच प्रश्नाने पाहतो. गोळी द्यावी की देऊ नये, हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की देणे काय किंवा न देणे काय, ते कोणासाठी?

मंदिराच्या स्मरणिकेत लिहीत आहे म्हणून मंदिराचेच उदाहरण देतो. भारतीय कायद्यात देव ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. देवाच्या नावावर जमीन असू शकते, दागिने असू शकतात. पण देव स्वतः सही करू शकत नाही, म्हणून कायदा त्याला अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलासारखा मानतो आणि त्याच्या वतीने विश्वस्त निर्णय घेतात. विश्वस्ताला देवाचे दागिने आपल्या मुलीच्या लग्नात घालता येत नाहीत. त्याचबरोबर खर्चाला भिऊन देवळाचे छप्पर गळत ठेवण्याचाही त्याला अधिकार नाही. दोन्हींत विश्वासघातच. आईबापांचे असेच आहे. लहान मूल औषधाला हो म्हणू शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही. ते मन आणि तो वाढता मेंदू आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. वर्गात शांतता हवी म्हणून, 'ए' ग्रेड हवी म्हणून, संध्याकाळी आपण थकलेलो असतो म्हणून तिच्यावर रसायनाचा प्रयोग करणे हा एक विश्वासघात. आणि अब्रूला भिऊन मूल आतल्या आत गळत राहिले तरी वर न पाहणे हा दुसरा. पहिल्याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. दुसऱ्याची होत नाही, कारण तो बंद दाराआड होतो.

कोणी म्हणेल, हे बोलायला सोपे आहे. वर्गात आणखी पंचवीस मुले असतात, त्यांनी शिकायचे नाही? दोन शिफ्ट करून आलेल्या आईने रोज रात्री रडायचे? हा आक्षेप खोटा नाही. घरातली शांतता ही मुलाचीही गरज आहे. सारखी रागावणारी आई आणि सारखे वर्गाबाहेर काढणाऱ्या बाई यांचा ओरखडा शेवटी मुलाच्याच मनावर उठतो. तेव्हा इतरांची सोय हा विचार वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. त्याचा क्रम दुसरा असावा, एवढेच. आणि तो मनात आहे हे निदान स्वतःशी तरी कबूल करावे.

दुसरी एक उपमा मी पुष्कळदा ऐकली, की गोळी म्हणजे चष्म्यासारखी, नजर अधू असेल तर चष्मा देतोच ना? ही उपमा अर्धीच खरी आहे. लाज बाळगू नये इतक्यापुरती खरी. पण चष्म्याने भूक मरत नाही आणि चष्मा घातलेल्या मुलाचे वजन दर महिन्याला तपासावे लागत नाही. औषधाला औषधाचा मान द्यावा, म्हणजे त्याचा गुण मानावा आणि त्याची भीतीही बाळगावी.

मग विश्वस्ताने करावे काय? मी सल्ला द्यायचा अधिकारी नाही, पण काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन असे आहे, की सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आधी आईवडिलांना वागणुकीचे प्रशिक्षण द्यावे, औषध नंतर. प्रत्यक्षात काय होते? सरकारच्या सीडीसी संस्थेने २०१६ मध्ये सांगितले, की निदान झालेल्या लहानग्यांपैकी सुमारे ७५ टक्के मुलांना औषध मिळत होते, आणि असे मानसोपचार फार तर निम्म्यांना. गोळी एका फेरीत मिळते, प्रशिक्षणाला आठवडेच्या आठवडे जावे लागते. मोठ्या मुलांविषयीचा प्रसिद्ध अभ्यास १९९९ चा, ५७९ मुलांचा. चौदा महिन्यांनंतर चंचलतेच्या लक्षणांत नुसत्या वागणुकीच्या उपचारांपेक्षा औषध सरस ठरले. मात्र बाहेर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलेही औषध घेत होती, तरी त्यांना तेवढा गुण आला नाही. अभ्यासातल्या मुलांना दर महिन्याला तपासत होते, मात्रा नीट जुळवत होते. म्हणजे गुण गोळीइतकाच लक्ष देण्यात होता. औषध आणि वागणुकीचे उपचार दोन्ही मिळाले त्यांना औषध कमी पुरले. आणि तीन वर्षांनंतर चारही गटांतला फरक मावळला होता, हेही लक्षात ठेवावे.

नैराश्याच्या औषधांची कथा वेगळी आहे. २००४ मध्ये एफडीएने त्यांच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण २४ प्रयोगांतल्या ४४०० हून अधिक मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळले. त्या प्रयोगांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. त्याच वर्षी ४३९ किशोरवयीन मुलांचा दुसरा अभ्यास आला. त्यात प्रोझॅक आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना बरे वाटले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. एकाच वर्षातली ही दोन सत्ये आहेत आणि विश्वस्ताला दोन्ही मनात धरावी लागतात. म्हणून हा लेख वाचून कोणीही चालू असलेले औषध परस्पर बंद करू नये, हे मी फार्मसिस्ट म्हणून हात जोडून सांगतो. ती हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची असतात.

२०२५ पासून हा विषय राजकारणातही आला आहे. मुलांना दिल्या जाणाऱ्या अशा औषधांचा आढावा घ्यायला राष्ट्राध्यक्षांनी आयोग नेमला, आणि मग दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. आढावा घ्यावाच. पण आपल्या घरात जे मूल आहे त्याचा निकाल वॉशिंग्टनला लागणार नाही. २०२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे या देशात ७१ लाख मुलांना कधी ना कधी हे निदान झाले आहे. त्यांत आपली मुले मात्र कमी दिसतात. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात आशियाई मुलांना निदान होण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या निम्म्याच्या आसपास आढळली. आपली मुले अधिक शांत असतात म्हणून? थोडेसे असेलही. पण मला माझे जेवणाचे टेबल आठवते.

आपल्यातलाच एक माणूस वेगळा वागला, त्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी. स्किझोफ्रेनिया म्हणजे काय हे त्यांनी घरातच पाहिले होते. ते झाकून न ठेवता त्यांनी त्यावर उघडपणे लिहिले, १९९७ मध्ये पुण्यात त्या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली आणि 'देवराई' हा २००४ चा चित्रपट निघायला मोठा हातभार लावला. २०१७ मध्ये ते गेले. परदेशातल्या मराठी माणसाने ही गोष्ट चारचौघांत बोलता येते असे दाखवून दिले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन दार लावून घेतले.

आता शेवटचे. माझा मुलगा सध्या टेक्सासमध्ये असतो. त्याचा मुलगा, माझा नातू, ऑगस्टच्या २० तारखेचा, वर्गात सर्वांत लहान. गेल्या हिवाळ्यात त्याच्या शाळेतून चिठ्ठी आली, जवळजवळ त्याच शब्दांत. मुलाने मला फोन केला. मी ऑगस्टच्या अभ्यासाविषयी सांगू लागलो. तो म्हणाला, "माहीत आहे बाबा. ऑगस्टमुळे असेल, किंवा माझ्यासारखाच असेल. हे घराण्यातूनही येतं. दोन्ही शक्य आहे." त्यांनी तपासणी करून घेतली आहे. तो आणि सूनबाई आठवड्यातून एकदा प्रशिक्षणाला जातात. औषधाचे अजून ठरलेले नाही. लागले तर देतील, नाही लागले तर नाही. या वेळी मला भीती वाटत नाही.

मध्यंतरी मी तिकडे गेलो होतो. नातवाला मांडीवर घेऊन मी तो प्रश्न विचारला, जो त्याच्या बापाला कधी विचारला नव्हता. "टीचर शिकवतात तेव्हा तुला आत काय होतं रे?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, टीचर बोलतात ना, तेव्हा बाहेरचा लॉनमोवर पण बोलतो. मला दोघांचं ऐकू येतं."

गणपती आणि कार्तिकेय यांची पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट आपण मुलांना दर वर्षी सांगतो. जो जागेवर राहून आईवडिलांभोवती फिरला त्याचे कौतुक करतो. करावेच, तो बुद्धीचा देव आहे. पण जो मोरावर बसून सुसाट गेला तोही त्याच आईचा मुलगा होता, आणि देवांचा सेनापती तोच झाला. एकाला मोदक आणि दुसऱ्याला धपाटे, असे पार्वतीने केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

यंदाच्या उत्सवात ती आई आपल्या मुलाला घेऊन पुन्हा यावी अशी माझी इच्छा आहे. तो औषध घेतो की नाही, हे तिला कोणीही विचारू नये. अथर्वशीर्षाच्या वेळी त्याला सतरंजीच्या कडेला जागा द्यावी, उठावेसे वाटले तर उठू द्यावे, आणि आरतीला झांजा त्याच्याच हातात द्याव्यात.

गणपती बाप्पा मोरया!